चिनी गाडी आणि निवृत्तीकाकांचा हातगुण

दोहाच्या बिन महमूद भागातल्या कुठल्याही मराठी घरात नवी गाडी आली, की तिच्या किल्ल्या आधी देवापुढे जायच्या आणि मग निवृत्तीकाकांच्या हातात. शोरूमचे कागद हाती पडले, हप्ता सुरू झाला, तरी काकांनी पहिली फेरी मारल्याशिवाय गाडी घरची झाली असं कोणी मानत नसे. चार चाकांखाली चार लिंबं, बॉनेटवर हळदकुंकवाची बोटं, आणि वॉचमनची कटकट नको म्हणून पार्किंगच्या कोपऱ्यात पिशवीत धरून फोडलेला नारळ. मग काका टोपी सारखी करून आत बसत, स्टिअरिंगला नमस्कार करत आणि अशा झोकात गाडी काढत की लिंबं एकदमच फुटावीत. गाडी समुद्रकाठच्या कॉर्निश रस्त्यावरून वळसा घालून परत आली की टाळ्या पडत. वर घरात सोफ्यावरची मधली जागा त्यांच्यासाठी मोकळी असे आणि तुपाने निथळणारा शिरा समोर येई.

शनिवारपासून गुरुवारपर्यंत या माणसाला कोणी काका म्हणत नसे. सिन्नर तालुक्यातून आलेले निवृत्ती घुगे एका वाहतूक कंपनीत बस चालवत. पहाटे शहराबाहेरच्या उम्म सलाल मोहम्मद गावातल्या खोलीतून निघायचं, कामगारांना छावणीतून उचलायचं, लुसैलमध्ये जिथे नवं शहर उभं राहत होतं तिथे सोडायचं, संध्याकाळी धुळीने माखलेली तीच माणसं परत आणायची. तिथे ते नुसते ‘ड्रायव्हर’. ‘ड्रायव्हर, यल्ला!’, म्हणजे चल, निघ, एवढंच त्यांच्याशी दिवसभरातलं बोलणं. शुक्रवारी मात्र रंग लागायचा, पडदा वर जायचा आणि निवृत्तीकाका प्रवेश करायचे.

हे हातगुणाचं प्रकरण सुरू झालं गिरीश साठ्यांच्या पहिल्या गाडीपासून. गिरीश पुण्याचा, एका बांधकाम कंपनीत खरेदी विभागात मोठ्या हुद्द्यावर. त्याच्या गाडीची पहिली फेरी निवृत्तीने मारली आणि दुसऱ्याच दिवशी पार्किंगमध्ये घुसलेल्या एका ट्रकने ओळीतल्या सगळ्या गाड्यांना घासलं, एक गिरीशची तेवढी सोडून. झालं. गिरीशची बायको आसावरी हे ज्याला त्याला सांगत सुटली. काकांनी हात लावलेली गाडी कधी बंद पडत नाही, हे हळूहळू बिन महमूदमध्ये हवामानासारखं गृहीत धरलं गेलं. त्या गाड्या जपानी आणि नव्या कोऱ्या होत्या, त्यांना बंद पडायचं कारणच नव्हतं, हे निवृत्तीकाकांना मनातून ठाऊक होतं. पण सोफ्यावरच्या मधल्या जागेची माणसाला सवय होते.

त्यात एकदा जयमालाबाई आल्या.

जयमाला परब कुडाळच्या. नवरा इथेच नोकरीत असताना वारला, आणि गावी परत जाण्याऐवजी बाईंनी कंबर कसली. एका केरळी माणसाच्या उपाहारगृहाचं स्वयंपाकघर त्या सकाळच्या वेळी वापरत आणि डबे देत. सणावाराला पुरणपोळ्या, बारशाला बुंदीचे लाडू, डोहाळजेवणाला सगळा थाट. फुटबॉलचा विश्वचषक जवळ येत होता, लुसैलमध्ये रोज नवी कचेरी उघडत होती, आणि तिथल्या एका कचेरीने रोजच्या जेवणाचं काम बाईंना देऊ केलं होतं. अट एकच, जेवण वेळेवर पोचलं पाहिजे. टॅक्सीने ते जमणार नव्हतं. बाईंनी गाडी चालवायचा परवाना काढला आणि एक छोटी लाल चिनी गाडी पसंत केली.

“निवृत्तीभाऊ, नवी आहे, पाच वर्षांची वॉरंटी आहे, मागची सीट पाडली की माझी सगळी भांडी मावतात,” त्या म्हणाल्या. लहान मुलीने बाहुली दाखवावी तसा त्यांनी मोबाइलवरचा फोटो दाखवला. “शुक्रवारी आणते. पहिली फेरी तुमची.”

काकांनी मोबाइल हातात घेतला आणि तसाच परत दिला.

चिनी गाडी म्हणजे तेव्हा मंडळींच्या जेवणानंतरच्या विनोदाचा विषय. ‘सेल बदलले की पळते म्हणे,’ असं कोणी म्हणायचं. ‘हॉर्न सोडून सगळं वाजतं,’ असं दुसरा. काकाही हसत. त्यांनी कधी चिनी गाडीचं दार उघडून पाहिलं नव्हतं. भीती एकच होती. ती जर भर रस्त्यात थांबली, तर लोक चीनला बोल लावणार नाहीत. म्हणतील, काकांचा हातगुण गेला.

तरी त्यांनी गिरीशला विचारलं. तेवढा प्रामाणिकपणा त्यांनी दाखवला, आणि पुढे तोच त्यांच्या गळ्याशी आला.

“घेऊ द्या की,” गिरीश म्हणाला. “काका, आपण ज्यांना हसतो ना, ते इतकी वर्षं शिकतायत. आधी नक्कल केली, मग परक्या कंपन्यांशी भागीदारी केली, आता युरोपातले डिझायनर पगारावर ठेवलेत. लहान गाडी जगात घेतो कोण? ज्याला आयुष्यात पहिल्यांदा नवी गाडी परवडते तो. आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत, इथे आखातात. जपानी गाडी त्याच्या हाताबाहेर गेली. ते गिऱ्हाईक आता यांचंच.”

“आणि विकायला काढली तर?”

“तीच एक गोम आहे. इथला प्रत्येक जण गाडी घेतानाच ती विकून गावी जायचा विचार करतो, आणि जुनी चिनी गाडी पटकन कोणी घेत नाही. पण जयमालाताई कुठे एवढ्यात चालल्यात? घेऊ द्या बिनधास्त.”

इतकं स्वच्छ उत्तर मिळाल्यावर काकांनी काय करावं? ते जयमालाबाईंकडे गेले, तिथल्या स्टुलावर बसले, चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, “ताई, त्या गाडीचा नाद सोडा. पत्रा पातळ असतो. मी गिरीशसाहेबांनाही विचारलं. ते पण नको म्हणाले.”

बाई परातीत कणीक मळत होत्या. हात थांबले. “साहेब नको म्हणाले?”

“स्पष्ट.”

जगभरचा माल खरेदी करणारा माणूस नको म्हणतोय म्हटल्यावर बाईंनी बुकिंग मोडलं. काकांनीच मग ओळखीच्या एका फिलिपिनो माणसाची जुनी जपानी गाडी मिळवून दिली. तो देश सोडून चालला होता, घाईत होता. काकांनी ती जेमतेम वर वर पाहिली, पण तिची पहिली फेरी मात्र नेहमीपेक्षा जास्त थाटात मारली. खोट्यावर जरा जास्तच रंग चढवावा लागतो.

जुलैच्या भर दुपारी ती गाडी लुसैलच्या रस्त्यावर बसली. बॉनेटमधून वाफ, आतला एसी बंद, मागे आमटी, भाजी, भाताचे डेग. मदत येईपर्यंत आमटी आंबली आणि भाजीवर फेस आला. कचेरीत उपाशी माणसं खोळंबली. पहिल्या वेळी कचेरीने समजून घेतलं. पण गॅरेजवाल्याने दुरुस्त करून दिलेली गाडी त्याच महिन्यात पुन्हा बसली, आणि काम दुसऱ्याकडे गेलं. गाडी भंगारात गेली.

काका बाईंना भेटायला गेले. काय बोलावं याची वाटभर उजळणी केली होती. पण त्यांचं तोंड उघडायच्या आतच बाई म्हणाल्या, “तुमचा काय दोष निवृत्तीभाऊ? तुम्ही बापडे चांगल्यासाठीच बोललात. साहेबांनीही.” काकांनी मान हलवली आणि चहा न पिताच उठले.

एवढ्यावर थांबलं असतं तरी माणूस कसाबसा निभावून नेतो. पण हातगुणाचा हिशेब लोकांना जुळवायचा होता. काकांनी हात लावलेली गाडी बंद पडत नाही, ही तर झोपल्या मुलालाही ठाऊक असलेली गोष्ट. मग ही पडली कशी? त्या वर्षीच्या दसऱ्याला आसावरीकडे जेवणाची पंगत बसली होती. पुढच्या महिन्यात कोणाच्या तरी घरी बारसं होतं, आणि लाडू जयमालाकडून घ्यायचे का, असा विषय निघाला.

“नको गं बाई,” एक जण म्हणाली. “आधी नवरा गेला, मग एवढं चालू झालेलं काम गेलं. अगं, काकांचा हात लागलेली गाडीसुद्धा तिच्या दारात टिकली नाही. पांढऱ्या पायाची असतात काही माणसं.”

“शुभकार्याला तरी नकोच,” दुसरी म्हणाली.

“तसं काही नसतं गं,” आसावरी म्हणाली. पण ज्या सुरात म्हणाली, त्यात बारशाचे लाडू बाहेरून मागवायचं ठरून गेलं होतं.

काका सोफ्यावर मधोमध बसले होते. हातात ताट, तोंडात श्रीखंड. तो घास त्यांना गिळवेना आणि थुंकवेना. आता बोलायचं, आत्ता, असं त्यांनी मनाशी तीनदा म्हटलं. इतक्यात आसावरीने विचारलं, “काका, पुरी वाढू?” आणि काका म्हणाले, “वाढा.”

तो ‘वाढा’ त्यांच्या कानात पुढे वर्षभर वाजत राहिला.

शुभकार्यं गेली तशी बाईंची मिळकत गेली. साधे डबे राहिले, तेही एकट्या राहणाऱ्या मुलांचे. काका कधी त्या गल्लीतून जात तेव्हा दोन पिशव्या दोन्ही हातांत घेऊन उन्हातून चालत जाणाऱ्या जयमालाबाई दिसत, आणि काका फुटपाथ बदलत.

अशात विश्वचषकाच्या तयारीने त्यांच्या कंपनीलाही गाठलं. नव्या विजेवरच्या बस आल्या आणि जुन्या ड्रायव्हरांना त्यांचं शिक्षण सुरू झालं. बस चीनमध्ये तयार झालेल्या. काका पहिल्यांदा त्या सीटवर बसले तेव्हा त्यांनी मनोमन, लाज वाटावी अशी प्रार्थना केली. ही बंद पडू दे. एकदा, भर रस्त्यात, सगळ्यांच्या देखत बंद पडू दे. म्हणजे ‘बघा, चिनी ती चिनीच, मी बाईंना वाचवलंच होतं,’ असं निदान स्वतःला तरी सांगता येईल.

बस बंद पडली नाही. रिकामी चालवली, भरून चालवली, ऐन उन्हाळ्यात लुसैलपासून थेट दोहाच्या टोकापर्यंत नेली. आवाज नाही, धक्का नाही, एसी असा की मागचे प्रवासी कुडकुडावेत. रोज सकाळी काका तिच्यात एखादं वैगुण्य शोधत चढत आणि रोज संध्याकाळी हरून उतरत. बस गुणी होती, आणि तिचा गुणीपणा त्यांना दिवसेंदिवस सोसवेनासा झाला. रस्त्यावर पाहावं तर चिनी गाड्याच गाड्या. शिक्षिका, नर्सेस, नव्याने लग्न झालेली पोरं, सगळी त्यातून भुर्रकन जायची. एखादी लहान लाल गाडी बाजूने गेली की काका आरशात ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहायचे.

पुढचा दसरा आला. विश्वचषक आता तोंडावर होता. सगळ्या शहराला नव्या रंगाचा वास येत होता. गिरीशची मुलगी वल्लरी कॉलेजात गेली होती, परवाना मिळाला होता. बापाने तिच्यासाठी गाडी घेतली, छोटीशी, चिनी.

पार्किंगमध्ये मंडळी जमली. लिंबं मांडली गेली. वल्लरी नव्या ड्रेसात, ओवाळणीचं ताट धरून. काका आले, गाडी पाहिली आणि जागच्या जागी थांबले.

“काय काका, घाबरलात की काय?” गिरीश हसत म्हणाला. “अहो, आता युरोपवाले यांना घाबरतात. लहान गाडीत पुढची दहा वर्षं यांचीच. आणि मी काही आज सांगत नाही. गेल्या वर्षी जयमालाताईंच्या वेळी तुम्हाला काय म्हटलं होतं मी? घेऊ द्या बिनधास्त.”

कोणाच्या काही लक्षात आलं नाही. जयमालाबाई तिथे नव्हत्या. त्यांना बोलावलंच नव्हतं. काकांनी नारळ घ्यायचा, फेरी मारायची, शिरा खायचा. खेळ सुरळीत पार पडला असता.

“काका, चला ना. Everyone is hungry,” वल्लरी म्हणाली.

“आलोच,” काका म्हणाले, आणि नारळ बॉनेटवर ठेवून चालू लागले.

जयमालाबाईंचं स्वयंपाकघर दोन गल्ल्या सोडून. बाई एकट्याच भांडी घासत होत्या. काकांनी दारातच उभं राहून सगळं सांगितलं. गिरीश काय म्हणाला होता, आपण काय सांगितलं, का सांगितलं. दसऱ्याच्या पंगतीत काय बोललं गेलं आणि आपण पुरी कशी वाढून घेतली, तेही.

नळ वाहत राहिला. बाईंनी तो बंद केला.

“लोक काय बोलतात ते माझ्या कानावर आलं होतं,” त्या म्हणाल्या. “रात्री पडल्या पडल्या पायांकडे बघायचे मी. खरंच आपल्यात काही आहे की काय, असं वाटायला लागलं होतं मला.”

“ताई, चला माझ्याबरोबर. सगळ्यांसमोर सांगतो.”

तेव्हा बाईंचं कुडाळ बाहेर आलं. “माका कित्याक बोलवतास? तुमचा पाप, तुमीच निस्तरा!” आणि त्यांनी नळ पुन्हा सोडला.

काका परतले. मंडळी उन्हाने वैतागली होती. काकांनी गाडीशेजारी उभं राहून घसा साफ केला. आयुष्यभर टाळ्या घेतल्या ती हीच जागा.

“जयमालाताईंच्या पायात काही नाही,” ते म्हणाले. “त्यांनी नवी गाडी पसंत केली होती. मी मोडता घातला. खटारा मी गळ्यात मारला. माझं नाव खराब होईल म्हणून. माझ्या हाताला काही गुण नाही, कधीच नव्हता.”

मग कोणी तरी म्हणालं, “वा काका! दुसऱ्याचं दुखणं अंगावर घ्यावं ते तुम्हीच!” दुसऱ्याने, “मोठेपणा लागतो हो,” म्हणत टाळी वाजवली. एकीने डोळे पुसले. काका बघतच राहिले. खरं बोलायला एवढी ताकद लावली, आणि लोक त्यांना सोफ्यावर आणखी वर बसवत होते.

हसत नव्हता तो एकटा गिरीश.

“काका,” तो हळू म्हणाला, “गेल्या वर्षी ताई मला लिफ्टमध्ये भेटल्या होत्या. म्हणाल्या, साहेब, तुमचं ऐकलं, पण नशिबात नव्हतं. मला वाटलं, नवी घ्यायला पैसे जुळले नाहीत, म्हणून जुनी घेतली. माझं ऐकलं म्हणजे काय ऐकलं त्यांनी?”

काकांनी मान खाली घातली. “तुम्ही नको म्हणालात, असं सांगितलं मी.”

“माझं नाव घेतलंत?”

“घेतलं.”

आता कोणी टाळी वाजवली नाही. आसावरीने ओवाळणीच्या ताटातली विझत आलेली वात उगाच पुढे सारली. पांढऱ्या पायाची म्हणालेली बाई आपल्या चपलांकडे बघू लागली. गिरीशने बॉनेटवरचा नारळ उचलला, पिशवी न घेताच कोपऱ्यात जाऊन फोडला आणि किल्ली मुलीच्या हातात दिली. “तुझी गाडी आहे. तूच काढ.” वल्लरीने घाबरत घाबरत गाडी काढली. लिंबं एकामागून एक, वेडीवाकडी फुटली. काका जिना न चढता उम्म सलालची बस पकडायला गेले. “काका, जेवून...” असं आसावरीने म्हटलं खरं, पण वाक्य तिनेच अर्ध्यावर सोडलं.

दुसऱ्या दिवशी ती जयमालाबाईंकडे गेली. दिवाळीच्या फराळाचं सगळं काम द्यायला. बाईंनी ते घेतलं, भाव वाढवून सांगितला, आणि आसावरीने घासाघीस केली नाही. हळूहळू इतरही घरं परत आली. काकांना हे उडत उडत कळत होतं. शुक्रवार येत आणि जात. फोन वाजत नसे. खोलीवर ते स्वतःची बनियनं धूत, सिन्नरला फोन लावत आणि बायकोने “आज कुणाच्या गाडीची पूजा नाही का?” विचारलं की “नाही, गर्दी आहे मॅचच्या तयारीची,” असं म्हणत. मग हेही खोटंच, असं मनाशी म्हणत खाली बसत.

सामने सुरू व्हायच्या आठवड्यात फोन वाजला. जयमालाबाई.

“मी गाडी घेतेय,” त्या म्हणाल्या. नमस्कार नाही, चौकशी नाही. “चिनीच. विजेवरची बघितली आहे. तुम्ही यायचं नाही. नारळ मी फोडणार.”

“नाही येत ताई.”

“एक विचारायचंय. तुमची ती बस. वर्षभर चालवताय म्हणे. उन्हाळ्यात कधी बंद पडली?”

“एकदाही नाही.”

पलीकडे झाऱ्याचा आवाज तेवढा येत होता.

“हे कोणी सांगितलं तुम्हाला?”

“कोणी नाही, ताई. मीच चालवतो.”

“तुमच्याच नावावर सांगताय ना?”

“माझ्याच,” ते म्हणाले.

“बरं,” जयमालाबाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला.